बाळंतपणाआधीची बेटावरची सहल : व्यापाऱ्याने हिशेब कसा मांडावा

आमच्या व्यापारी बंधूंच्या घरांत अलीकडे एक नवा खर्च शिरला आहे. घरात सुनेला दिवस गेले की बाळ येण्यापूर्वी नवरा-बायकोने चार दिवस समुद्रकाठी, जमल्यास एखाद्या बेटावर जाऊन यायचे. शहरी मंडळी याला ‘बेबीमून’ म्हणतात. वडीलधाऱ्यांना हे चोचले वाटतात. आम्हाला तसे वाटत नाही. कौशातल्या दुकानात सकाळपासून रात्री दहापर्यंत उभा राहणारा तरुण आणि एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक सांभाळणारी त्याची बायको यांना पहिल्या मुलाआधी चार निवांत दिवस मिळाले तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ती खरेदीची रीत. कापडाचा तागा घेताना आपण पन्हा मोजतो, सूत चिमटीत धरून पाहतो, रंग जातो का ते विचारतो. सहल घेताना मात्र मोबाइलवर निळ्या पाण्याचा फोटो पाहून पैसे भरतो.

हा पाठ दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, सहल विकत घेणारे. दुसरे, ती विकणारे. मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका या भागांत उमराहची आणि गावाकडची तिकिटे काढून देणारे जे छोटे व्यावसायिक आहेत, त्यांच्यापैकी काहीजण आता अशा सहलीही विकतात. गिऱ्हाईक गर्भवती असेल तर माल तोच असला तरी त्याची पारख वेगळी होते.

पारखीचा पहिला प्रश्न असा : रात्री दोन वाजता त्रास सुरू झाला, तर खोलीच्या दारापासून बाळंतपणाची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळापर्यंत किती वेळ लागेल, आणि मध्ये पाणी ओलांडावे लागेल का? खोलीचे भाडे, नाश्ता, समुद्राचा देखावा हे सारे याच्यानंतर. बेटाची मौज पाण्याने वेढलेले असण्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे. म्हणून आमचा सल्ला आहे की गर्भवती जोडप्याने बेट निवडावे ते पुलाने किंवा पक्क्या रस्त्याने इस्पितळाशी जोडलेले. आपण ठाणेकर स्वतः साष्टी बेटावरच राहतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ते येत नाही याचे कारण पूल. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत रेल्वे आली आणि १८५४ मध्ये खाडी ओलांडून ती कल्याणला गेली, तेव्हापासून या बेटाचे बेटपण आपल्याला जाचत नाही.

तीन कॅलेंडरे

तारीख ठरवताना तीन कॅलेंडरे एकमेकांशेजारी ठेवावी लागतात. पहिले डॉक्टरांचे. प्रवासाला साधारणपणे १४ ते २८ आठवड्यांचा काळ बरा मानतात. सुरुवातीच्या उलट्या आणि गर्भपाताची भीती तोवर कमी झालेली असते, पोटाचा भार अजून फार वाढलेला नसतो. म्हणजे हाती आले १४ आठवडे, ९८ दिवस. विमान कंपन्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात. पण जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेची शिफारस अशी की २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला असावा, एकच मूल असेल तर ३६ आठवड्यांनंतर प्रवास नसावा आणि जुळे असेल तर ३२ नंतर. इथे अनेकांची गफलत होते. आठवडे जाण्याच्या दिवसाचे मोजतात, आणि परतीच्या दिवशी विमानतळावर अडचण उभी राहते. मोजायचे ते परतीच्या तारखेचे.

आपल्याकडे सातव्या महिन्यात गोद भरून मुलीला माहेरी नेण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. सातवा महिना लागतो तो २८ आठवड्यांच्या आसपासच. जुन्या बायकांची रीत आणि विमान कंपनीची अट एकाच जागी येऊन थांबतात, तेव्हा सहल त्याच्या आधीच उरकावी.

वार खाली असणे, रक्तदाब वाढणे, रक्तस्राव होऊन गेलेला असणे, पोटात जुळे असणे, पूर्वी दिवस भरण्याआधीच बाळंतपण झालेले असणे, यांपैकी काहीही असेल तर बेटाचा विषय डॉक्टरांपुढे आधी काढावा आणि पैसे नंतर भरावेत. डॉक्टरांनी नको म्हटले तर चार दुकाने फिरून दुसरा भाव काढू नये.

दुसरे कॅलेंडर समुद्राचे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. कोळी बांधव ज्या पाण्यात होडी घालत नाहीत तिथे गर्भवतीला घेऊन जाण्याचे कारण नाही. स्वस्त पॅकेजे नेमकी याच महिन्यांत निघतात, कारण खोल्या रिकाम्या असतात.

तिसरे कॅलेंडर धंद्याचे. शिंपी, जरीवाले, अत्तर-सुक्या मेव्याचे दुकानदार यांना रमजानच्या आधीपासून चाँदरातीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. ईदनंतर मात्र पंधरा-वीस दिवस गल्ला मंद असतो. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे ईदनंतरचा मंदीचा काळ सध्या समुद्र शांत असण्याच्या दिवसांत पडतो, आणि ही सोय येती काही वर्षे टिकणार आहे. गाड्यांची रंगरंगोटी, फर्निचर, गाद्या यांच्या कारागिरांना दिवाळीच्या कामानंतरचा काळ सोयीचा. तिन्ही कॅलेंडरे जुळली नाहीत तर मागे सारायचे ते धंद्याचे. बाकीची दोन आपल्या हुकमाने हलत नाहीत.

कोणते बेट?

मुस्लिम घरात बेट म्हटले की लक्षद्वीप आणि मालदीव ही नावे आधी येतात. कारण उघड आहे. लक्षद्वीपची वस्ती २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ होती आणि तीत ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान आहेत. हलाल जेवण शोधावे लागत नाही, अजानचा आवाज ऐकू येतो, कवरत्तीची उजरा मशीद तिच्या लाकडी कोरीवकामासाठी पाहण्यासारखी आहे. सुतारकाम करणाऱ्या आमच्या वाचकांनी ती एकदा जरूर पाहावी. पण आत्ता नव्हे. तिथे जायला प्रवेश परवाना लागतो. कोचीहून अगत्तीला छोटे विमान सुमारे दीड तासात जाते, जहाजाने तर एक रात्र लागते. अगत्तीहून दुसऱ्या बेटावर पुन्हा बोट. बेटांवर इस्पितळे आहेत, तरी गुंतागुंतीचे रुग्ण हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागतात. तिथल्या लोकांना दुसरा इलाज नाही. आपल्याला आहे, तो म्हणजे मूल मोठे झाल्यावर जाणे.

मालदीवचे प्रकरण जरा खोलात पाहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त पॅकेजे त्याचीच विकली जातात. भारतीयाला तिथे उतरल्यावर मोफत व्हिसा मिळतो. देश मुस्लिम आहे, पण सारा माल एका जातीचा नाही. सुमारे १,२०० बेटांपैकी काही लोकवस्तीची आहेत, काही निव्वळ रिसॉर्टची. लोकवस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही. रिसॉर्टमध्ये दारू मिळते आणि डुकराचे मांसही. ‘मुस्लिम देश आहे, तेव्हा काळजी नाही’ असे विक्रेत्याने सांगितले तर ते अर्धेच खरे असते. रिसॉर्टला पोहोचायचे म्हणजे स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारे छोटे विमान. स्पीडबोट लाटांवर आपटत जाते, कमरेला आणि पोटाला बसणारे हादरे गर्भवतीसाठी चांगले नाहीत. आणि ते छोटे विमान फक्त दिवसाउजेडी उडते. रात्री दोनचा प्रश्न इथे पुन्हा विचारून पाहावा.

तरी ज्याला मालदीवच हवे, त्याच्यासाठी एक वाट आहे. हुलहुमाले हे समुद्रात भराव घालून वसवलेले बेट विमानतळाशी रस्त्याने जोडलेले आहे, आणि २०१८ मध्ये सिनामाले पूल झाल्यापासून तिथून गाडीने थेट माले शहरात जाता येते. मालेत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, भारताच्या मदतीने उभे राहिलेले. हुलहुमालेचा किनारा रिसॉर्टच्या फोटोइतका देखणा नाही, इमारतींची दाटी आहे. पण वाळू आहे, निळे पाणी आहे, आणि मध्ये बोट येत नाही. हिशेबात तिथला हरित कर धरावा. जानेवारी २०२५ पासून पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये माणशी रात्रीला ६ डॉलर, रिसॉर्टमध्ये १२ डॉलर. दोघांच्या चार रात्रींचे गेस्टहाऊसमध्ये ४८ आणि रिसॉर्टमध्ये ९६ डॉलर झाले. त्याशिवाय पर्यटनावरचा तिथला जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. पॅकेजच्या भावात हे दोन्ही धरले आहेत का, ते लेखी विचारावे.

श्रीलंका हे बेट असूनही आपल्याकडे त्याला कोणी बेटाची सहल म्हणत नाही. आमच्या मते पैसे थोडे जास्त असतील तर गर्भवती जोडप्यासाठी परदेशात याहून बरी जागा जवळपास नाही. मुंबईहून कोलंबो सुमारे अडीच तास. मोठे बेट असल्याने किनाऱ्यावरच्या गावापासून कोलंबोच्या मोठ्या इस्पितळांपर्यंत रस्ता जातो. मुसलमानांची वस्ती दहात एकाच्या आसपास आहे, हलाल जेवण सहज मिळते. कोलंबोच्या दक्षिणेला बेरुवाला हे बंदर आहे, बेटावरच्या सर्वांत जुन्या मुस्लिम वस्त्यांपैकी एक. तिथे समुद्रकाठी टेकाडावर केचिमलाई मशीद आहे आणि गावात रत्नांचा बाजार भरतो. व्यापारी पिढ्यान्‌पिढ्यांचे मुसलमान आहेत. नीलमची पुडी उघडून बसलेल्या माणसाशी घासाघीस कशी चालते ते पाहणे ही आपल्या वाचकांना निळ्या पाण्याइतकीच मौजेची गोष्ट आहे. खडे विकत मात्र पारख असल्याशिवाय घेऊ नयेत. हा किनारा डिसेंबर ते मार्च चांगला. मेपासून तिथे पाऊस असतो. व्हिसाचे नियम मागच्या काही वर्षांत बदलत गेले आहेत, ते तिकीट काढण्याच्या दिवशी पाहावेत.

अंदमानला आम्ही या कामासाठी नको म्हणू. प्रवास लांबचा, आणि ज्या स्वराजद्वीपासाठी लोक जातात तिथे श्रीविजयपुरमहून पुन्हा बोटीनेच जावे लागते. मोठे सरकारी इस्पितळ मागे राहते.

ठाणे स्टेशनवरून गाठता येणारे बेट

मध्यम कमाईच्या कारागिरासाठी आमची पहिली पसंती गोव्यातल्या तिसवाडीला आहे. पणजी शहर ज्या तालुक्यात आहे तो तिसवाडी तालुका म्हणजे मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेले बेट. पोर्तुगीज त्याला ‘इल्हास’, म्हणजे बेटेच, म्हणत. आज पुलांमुळे ते जाणवत नाही, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. गोवा मेडिकल कॉलेजचे मोठे इस्पितळ बांबोळीला, याच बेटावर आहे. १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ती परंपरा आहे. पणजीतल्या खोलीतून रात्री दोन वाजताही गाडीने तिथे थोड्या वेळात पोहोचता येते, मध्ये पाणी नाही.

गाडी ठाण्यालाच मिळते. मांडवी एक्स्प्रेस दिवसाची, कोकणकन्या रात्रीची. दोन्ही करमळीला थांबतात आणि करमळी स्टेशन तिसवाडीवरच आहे. या गाड्या कल्याणवरून जात नाहीत, त्यामुळे कल्याण-डोंबिवलीकरांनी ठाण्याला यावे. गर्दीच्या वेळी लोकलने गर्भवतीला आणू नये. यायचेच तर दिव्यांगांच्या डब्यात गर्भवती महिलांना मुभा आहे, पण सामान घेतलेल्या नवऱ्याला नाही, म्हणून त्या एका दिवसापुरती रिक्षा परवडते. लांब पल्ल्याच्या गाडीत गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. आरक्षणाच्या खिडकीवर डॉक्टरांचा दाखला दाखवून तो मागावा. रस्त्याने बसमध्ये बारा तास बसण्यापेक्षा रेल्वे बरी, उठून चार पावले चालता येते आणि संडास जवळ असतो. पायांत रक्त साकळू नये म्हणून दर तासा-दीड तासाने चालणे आणि पाणी पिणे हे रेल्वेत आणि विमानात सारखेच गरजेचे.

राहायचे पणजीत, मिरामार किंवा दोनापावल्याच्या बाजूला. कळंगुट-बागाच्या गोंगाटात जाऊ नये. पणजीत जामा मशीद आहे, मुस्लिम खाणावळी आहेत. तरी गोव्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात काय काय शिजते हे खोली घेण्याआधी विचारून घ्यावे. दिवसा जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे. पायी माणसाला तिकीट नाही, नदी शांत, काही मिनिटांचे अंतर. भातशेती, जुनी घरे, सावली. रायबंदरहून तशीच चोडणची फेरी आहे, तिथे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. दिवाडीवर राहण्याच्या सुंदर जागा आहेत, पण रात्री फेरी बंद असताना तुम्ही पुन्हा पाण्याच्या पलीकडे. म्हणून दिवस तिकडे, रात्र पणजीला. एखाद्या दुपारी फोंड्याची आदिलशाही काळातली साफा मशीद पाहून येता येते.

डासांचे एक सांगून ठेवतो. मालदीव २०१५ मध्ये आणि श्रीलंका २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाले, पण डेंगीचा डास सगळीकडे आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यांत गर्भवती महिला होत्या. झिकाचा परिणाम पोटातल्या बाळाच्या मेंदूवर होऊ शकतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, खोलीला जाळी, आणि डॉक्टरांनी सांगितलेले डास पळवण्याचे मलम, एवढे तर हवेच. पाण्याखाली नळी लावून बुडी मारण्याचे खेळ गर्भवतीने मुळीच करू नयेत, पॅकेजमध्ये फुकट असले तरी.

पैशाची बाजू

समजा एका विक्रेत्याने ६०,००० रुपयांचे पॅकेज सांगितले, रद्द केल्यास काही परत नाही. दुसऱ्याने तसेच ६८,००० ला सांगितले, डॉक्टरांनी मनाई केल्याचा दाखला दिल्यास पूर्ण पैसे परत. पहिल्याचा भाव ८,००० ने कमी दिसतो. पण गरोदरपणात बेत मोडण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. ती पाचात एक धरली, तर पहिल्या पॅकेजमध्ये ६०,००० चा पाचवा हिस्सा म्हणजे १२,००० रुपयांची जोखीम आपल्या डोक्यावर आहे. ८,००० देऊन १२,००० ची जोखीम उतरत असेल तर महाग दिसणारा मालच स्वस्त. शिवाय बेत मोडला तर ते ८,००० ही द्यावे लागत नाहीत. आणखी एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. पैसे बुडतील या भीतीने त्रास होत असतानाही जोडपी निघतात. परत मिळणारे पैसे बाईला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक देतात.

प्रवासविम्याच्या पुष्कळ पॉलिसींत गरोदरपण आणि बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो. विमा आहे म्हणजे झाले, असे समजू नये. तो कागद वाचावा. विम्याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारावे. पण विमा काढो वा न काढो, वेळेपूर्वी जन्मलेल्या बाळाचा परदेशातला खर्च छोट्या दुकानाचे भांडवल खाऊन टाकू शकतो हे लक्षात असू द्यावे. हप्त्यांवर सहल घेऊ नये. सूद तर आहेच, वर पाळण्याच्या वेळीही सहलीचे हप्ते चालू राहतात. भिशीचा नंबर लागला असेल तर गोष्ट वेगळी. परदेशी पॅकेजवर विक्रेता टीसीएस घेतो, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. त्याची पावती न मागणारे पुष्कळ आहेत.

आता विकणाऱ्या बंधूंसाठी. गिऱ्हाईक तुमच्यापुढे ही गोष्ट काढायला संकोचते. नवरा ‘फॅमिलीबरोबर जायचंय’ म्हणतो आणि गप्प बसतो. तुम्हीच एक साधा छापील फॉर्म ठेवा : परतीच्या तारखेला किती आठवडे होतील, डॉक्टरांची परवानगी आहे का, आधीच्या बाळंतपणात काही त्रास. घरातल्या बाईने फोनवर विचारून भरला तरी चालेल. काहीजण विमानतळावर अडवतील म्हणून गरोदरपण लपवण्याचा सल्ला देतात. तो सल्ला देऊ नका. आकाशात काही झाले तर तिथे डॉक्टर नसतो. आधी उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा, ही शिकवण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या जागेजवळच्या इस्पितळाचे नाव, अंतर आणि फोन बिलावरच लिहून द्या. गिऱ्हाईक ते बिल चार शेजाऱ्यांना दाखवते.

गिऱ्हाइकाने सोबत न्यायची फाइल अशी असावी : तपासणीचे कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला. तिच्या प्रती नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. आणि पैसे भरल्याचे बिल. विक्रेत्याने शब्द फिरवला तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो तिथे करता येते, विक्रेत्याचे ऑफिस कोठेही असो. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी लागत नाही. मात्र बिलाशिवाय रोख दिलेले पैसे सिद्ध करणे जड जाते, तेव्हा रद्द करण्याच्या अटी बिलाच्या पाठीमागे लिहून सही-शिक्का घेतल्यावरच पैसे द्यावेत.